मुंबईची रेषा : एका आलेखाचे वाचन

साथीच्या रोगांचे गणित शिकवणारी पुस्तके चाळताना मराठी वाचकाला एका पानावर थबकावे लागते. समीकरणांच्या आणि ग्रीक अक्षरांच्या गर्दीत एकाएकी ‘मुंबई’ हे नाव येते. आडव्या अक्षावर आठवडे आहेत, उभ्या अक्षावर मृत्यू. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने आठवड्यागणिक किती माणसे दगावली, हे दाखवणारे ठिपके आहेत. आणि त्या ठिपक्यांमधून चढत, माथ्यावर पोचून पुन्हा उतरत जाणारी, डौलदार म्हणावी अशी एक रेषा आहे. ही आकृती १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रथम प्रसिद्ध झाली. विल्यम ऑगिल्वी कर्मॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे तिचे कर्ते. आज संगणकाच्या पोटात ज्या साथी ‘घडवून’ पाहिल्या जातात, त्यांतल्या बहुतेकांची वंशावळ शोधत गेल्यास आपण या निबंधापाशी पोचतो.

आम्ही गणिताचे अभ्यासक नाही. परंतु एखादी संहिता कशी वाचावी, तिच्यात कोण बोलते आहे, कोणाला बोलू दिलेले नाही आणि कोणती गोष्ट गृहीत धरून पुढे जाण्यात आले आहे, हे विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासाने आपल्याला लावलेली असते. तीच सवय या आलेखावर वापरून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू. ज्याला सर्वत्र ‘मॉडेल’ म्हणतात त्याला आम्ही येथे ‘प्रतिरूप’ म्हणू. प्रतिमा आणि रूपक यांच्याशी या शब्दाचे नाते आहे, आणि ते नाते केवळ शाब्दिक नाही. प्रतिरूपही वास्तवातील काही निवडते, बाकीचे वगळते, आणि निवडलेल्यातून एक सुसंगत जग उभे करते.

रोगराई आणि आकडे यांची गाठ वाङ्मयात फार जुनी आहे. १६६५ च्या लंडनमधील प्लेगचा वृत्तान्त लिहिणाऱ्या डॅनिअल डिफोने १७२२ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते एका प्रत्यक्षदर्शी नागरिकाचे टिपण म्हणून वाचकांसमोर आले. खुद्द डिफो त्या प्लेगच्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याच्या हाताशी होत्या लंडनमध्ये दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या याद्या. त्या याद्यांचे तक्ते त्याने कादंबरीत जसेच्या तसे बसवले आणि त्यांच्या भोवती रस्ते, घरे, बंद दारे, माणसांची कुजबुज रचली. डिफो आकड्यांकडून माणसांकडे गेला. त्यानंतर दोन शतकांनी कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी तसल्याच साप्ताहिक याद्या हाती घेतल्या आणि ते उलट दिशेने, सूत्राकडे गेले.

या उलट्या प्रवासाची सुरुवात मात्र त्यांनी केलेली नाही. १७६० मध्ये डॅनिअल बर्नुली या स्विस गणितज्ञाने देवीच्या रोगाविषयी एक निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सादर केला. निरोगी माणसाला देवीच्या फोडातील द्रव्य टोचून मुद्दाम सौम्य रोग आणण्याची जी पद्धत तेव्हा होती, तिने लाभ होतो की हानी, हा प्रश्न होता. बर्नुलीने हिशेब मांडून दाखवले की सर्वांना टोचले तर जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. दालांबेर या त्याच्या समकालीनाने यावर घेतलेला आक्षेप आजही ताजा वाटतो. टोचल्याने मरण आलेच तर ते येत्या काही दिवसांत येते, आणि मिळणारी वर्षे आयुष्याच्या शेवटी मिळतात. मग तिशीतल्या माणसाने हे दोन्ही एकाच तराजूत कसे तोलावेत? सरासरी ही राज्याला कळणारी भाषा आहे, परंतु जगणारा प्रत्येक जण एकेकटा जगतो. रोगाच्या प्रतिरूपावरील हा बहुधा पहिला गंभीर टीकालेख असावा, आणि तो बर्नुलीच्या बेरजा-वजाबाक्यांपेक्षा त्यामागच्या दृष्टिकोनाला धरून होता.

पुढचा दुवा आपल्या देशातून जातो. अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत मलेरियाच्या परजीवीची अवस्था पाहिली, हे सर्वश्रुत आहे. रॉस कविता आणि कादंबऱ्याही लिहीत असे, हे त्या मानाने कमी ठाऊक असते. मलेरिया हटवायचा तर शेवटचा डासही मारावा लागेल, असा समज तेव्हा होता. रॉसने गणिताने उत्तर दिले की तशी गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली तरी रोग आपोआप मावळत जाईल. ‘मर्यादा’ ही कल्पना येथे लक्षात ठेवावी.

१९०१ मध्ये रॉसबरोबर सिएरा लिओनच्या मलेरिया मोहिमेवर गेलेला एक तरुण स्कॉटिश डॉक्टर म्हणजेच मॅकेंड्रिक. तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याने अनेक वर्षे काम केले. १९२० मध्ये तो मायदेशी परतला आणि एडिंबरो येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. तेथेच कर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील एका स्फोटात दाहक द्रावण डोळ्यांत जाऊन कर्मॅकची दृष्टी कायमची गेली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्यानंतरही त्याने काम सोडले नाही. म्हणजे ज्या आकृतीपासून आपण सुरुवात केली, ती तिच्या दोघा कर्त्यांपैकी एकाने कधीही पाहिलेली नाही.

त्यांचा सिद्धान्त सांगायला सोपा आहे. एखाद्या वस्तीतील सर्व माणसांचे तीन वर्ग करावेत : ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना लागण झालेली आहे ते, आणि जे या व्यवहारातून सुटलेले आहेत ते. पहिल्या दोन वर्गांची गाठ पडते तितक्या प्रमाणात पहिल्यातील माणसे दुसऱ्यात जातात. दुसऱ्यातील काही ठरावीक गतीने तिसऱ्यात जातात. साथ का ओसरते, या प्रश्नाची तोवर दोन उत्तरे दिली जात. एक, लागण होण्यासारखे कोणी उरत नाही म्हणून. दुसरे, जंतूंचा जोर कमी होतो म्हणून. या निबंधाने तिसरे उत्तर दिले. लागण होऊ शकणाऱ्यांची दाटी एका मर्यादेखाली गेली की प्रत्येक रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण निर्माण होऊ लागतो, आणि बरीच माणसे अस्पर्शित राहूनही साथ विझते. सामूहिक प्रतिकारशक्तीविषयी आपण अलीकडे जे पुष्कळ ऐकले त्याचे गणिती बीज येथे आहे.

आता तिसऱ्या वर्गाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. ‘सुटलेले’ या वर्गात कोण येते? बरा होऊन प्रतिकारक्षम झालेला माणूस येतो, आणि मेलेलाही येतो. रोगाच्या प्रसाराच्या दृष्टीने दोघांत फरक नाही, कारण दोघेही आता कोणाला लागण देत नाहीत. गणिताला हा फरक करण्याची गरजच पडत नाही. मराठीत मात्र ‘सुटला’ हे क्रियापद दोन्ही अर्थांनी वापरतात. तुरुंगातून माणूस सुटतो, दुखण्यातून सुटतो, आणि दीर्घ आजारानंतर गेलेल्याविषयीही घरातले कोणीतरी हळूच म्हणते, ‘सुटला बिचारा’. आपल्या भाषेने या एका शब्दात जी करुणा साठवली आहे, तिच्यासाठी समीकरणात जागा नाही. हा समीकरणाचा दोष नव्हे. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असते. परंतु जे वगळले गेले ते वगळले गेले आहे, याची जाणीव वाचकाने ठेवायची असते.

मुंबईच्या आलेखात काय वगळले गेले? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले तेव्हापासून हा रोग मुंबईत ठाण मांडून बसला होता. १८९७ चा साथरोग कायदा, घरझडत्या, रुग्णांचे सक्तीने विलगीकरण, पुण्यातील रँडचा वध, हे सारे आपण शाळेच्या इतिहासात वाचतो. त्या सक्तीच्या भयाने लोक रुग्ण लपवत, रातोरात गाव सोडत. पुण्यात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. त्यांचे नाव इतिहासाने जपले. १९०५–०६ च्या मोसमातील मृतांपैकी बहुतेकांची नावे असे कोणी जपली नाहीत. कर्मॅक–मॅकेंड्रिकच्या सूत्रानुसार रेषा सतराव्या आठवड्यात, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यात, माथ्यावर पोचते. तेथे आठवड्याला ८९० मृत्यू आहेत. रेषेखालचे क्षेत्रफळ काढले तर बेरीज नऊ हजारांच्या जवळ जाते. त्या संख्येमागे मांडवी, भायखळा, परळ येथील चाळी आहेत, गिरण्यांतील कामगार आहेत, कोकणात आणि घाटावर पोचलेल्या किंवा न पोचलेल्या बातम्या आहेत.

शिवाय या गोष्टीतले एक मुख्य पात्र माणूस नाहीच. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. तो पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले होते, परंतु त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. नेमक्या १९०५–०६ च्या मोसमात प्लेग संशोधन आयोगाचे शास्त्रज्ञ परळच्या प्रयोगशाळेतून मुंबईतील मेलेले उंदीर गोळा करत होते, प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा येतात ते मोजत होते. उंदरांची साथ आधी येते आणि माणसांची तिच्या मागोमाग, हे त्यांनी सिद्ध केले. मग माणसांच्या तीन वर्गांचे समीकरण या रोगाला लागू कसे पडले?

याचे उत्तर खुद्द त्या निबंधात आहे, आणि आमच्या मते संपूर्ण निबंधातील तोच सर्वांत मोलाचा भाग आहे. दोघा लेखकांनी आपली गृहीतके एकामागून एक मांडली आहेत. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे. सर्व उंदीर सारखेच रोगवश मानले आहेत. बेटावरील प्रत्येक उंदराला लागण होण्याची संधी सारखी मानली आहे. रोगाच्या सर्व काळात संसर्गाची, बरे होण्याची आणि मरणाची गती स्थिर मानली आहे. आणि पिसवा इतक्या असंख्य मानल्या आहेत की एका उंदरापासून दुसऱ्याला थेट संसर्ग होतो असेच समजावे. आणि मग ते स्पष्ट सांगतात की यांतले एकही गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, म्हणून हे सूत्र फार तर ढोबळ अंदाज आहे, आणि त्यातून स्थिरांकांच्या प्रत्यक्ष किमतींविषयी निष्कर्ष काढू नयेत. इतक्या सरळपणे आपल्या रचनेच्या मर्यादा सांगणारे लेखन वाङ्मयातही विरळाच.

पुढे घडले ते असे की आकृती प्रवासाला निघाली आणि इशारा मागे राहिला. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना ठिपके आणि रेषा यांचा देखणा मेळ तेवढा उरला. उंदीर आणि पिसवा गळून पडल्या. विद्यार्थ्यांच्या पिढ्या असे समजून चालल्या की मुंबईच्या प्लेगने हा सिद्धान्त ‘सिद्ध’ केला. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हा आलेख पुन्हा तपासला. रेषा ठिपक्यांशी जुळावी म्हणून स्थिरांकांना ज्या किमती द्याव्या लागतात त्या वास्तवाशी विसंगत आहेत, आणि मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढून उतरत असल्याने ऋतूचा प्रभाव धरल्याविना त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही, असे त्याने दाखवले. उन्हाळा तापू लागला की पिसवा घटतात आणि साथ उतरते. म्हणजे रेषा सुंदर जुळली होती, परंतु जुळण्याचे कारण भलतेच होते. आपल्या समीक्षेत असे अनेकदा घडते : एखादी उपपत्ती कलाकृतीला चपखल बसते आणि त्या चपखलपणालाच आपण पुरावा समजतो.

आतापर्यंत आपण नगराविषयी बोललो. हीच रीत देहाच्या आत कशी शिरली, हे आता पाहू. १९५२ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी मोठ्या माखल्यासारख्या स्क्विड या समुद्री जीवाच्या मज्जातंतूतून विद्युत्संदेश कसा धावतो याची समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होता. म्हणून हक्सलीने हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर काही आठवडे बसून ती सोडवली. १९६० मध्ये लंडनमधील डेनिस नोबल या तरुण संशोधकाने त्याच धर्तीवर हृदयाच्या पेशीची समीकरणे संगणकाला दिली. नवख्या माणसाला यंत्र मिळे ते पहाटे दोन ते चार या वेळात. त्या यंत्रात आकड्यांचे हृदय आपल्या लयीत धडधडू लागले. आज नव्या औषधाने हृदयाची लय बिघडण्याचा संभव किती, याचा अंदाज अशाच प्रतिरूपांच्या आधारे बांधला जातो.

उपचारांच्या बाबतीत प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण प्रत्येक नवा उपचार कोणाच्या तरी अंगावर प्रथम करून पाहावा लागतो. मुंबईतच त्याचे उदाहरण आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. कैद्याच्या ‘स्वेच्छे’चा अर्थ काय लावावा, हे वाचकांवर सोपवू. हाफकिन यांचे धैर्य वादातीत आहे, आणि त्या लसीने असंख्य जीव वाचवले हेही खरे. तरीही पहिला देह कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला संगणकाने एक नवे उत्तर दिले. व्हर्जिनिया आणि पाडुआ या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी टाइप १ मधुमेहाचे ३०० आभासी रुग्ण घडवले : १०० प्रौढ, १०० किशोरवयीन, १०० मुले. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मान्य केले की इन्शुलिनची मात्रा आपोआप ठरवणाऱ्या यंत्रणेची पूर्वचाचणी प्राण्यांऐवजी या आभासी रुग्णांवर केली तरी चालेल. मात्रा चुकली तर येथे कोणी बेशुद्ध पडत नाही. आकडा तेवढा लाल होतो. गिनीपिग आणि कैदी यांच्या जागी आकडे यावेत, ही माणुसकीच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. परंतु या आभासी रुग्णांनाही पूर्वज आहेत. प्रत्यक्ष माणसांच्या मोजमापांतून ते जन्मले, आणि जे मोजले गेले नव्हते ते त्यांच्यात नव्हते. रक्तातील साखर फार खाली गेल्यावर शरीर कसे वागते याचे पहिल्या आवृत्तीतील चित्रण अपुरे होते. पुढच्या आवृत्तीत ते सुधारावे लागले. वगळण्याचा जुना प्रश्न येथेही आहेच, फक्त तो आता पेशींच्या पातळीवर गेला आहे.

२०२० मध्ये सर्व जगाला प्रतिरूपांची भाषा एकदम ऐकावी लागली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मार्चमधील अहवालाने सांगितले की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक मृत्यू होतील. या वाक्यातील ‘तर’पूर्वीचा भाग अनेक मथळ्यांतून गळून पडला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटले की साथीचा माथा सप्टेंबरमध्ये येऊन गेला असून, खबरदारी चालू राहिल्यास फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास ती आटोक्यात येईल. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये काय झाले हे आपल्यापैकी कोणालाच विसरता येणार नाही. विषाणूचे नवे रूप त्या समीकरणांत नव्हते, आणि ‘खबरदारी चालू राहिल्यास’ ही अट लोकांच्या स्मरणात राहिली नाही. १९२७ चा इशारा जसा आकृतीपासून तुटला, तशीच ही अट अंदाजापासून तुटली. फरक एवढाच की १९२७ च्या निबंधाची चूक पाठ्यपुस्तकात झाली आणि ही लोकांच्या घरात.

त्याच वर्षी मुंबईची आणखी एक रेषा काढली गेली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी संगणकात मुंबई वसवली. त्या मुंबईत सुमारे सव्वा कोट आभासी माणसे होती, आणि त्यांना वय, घर, शाळा, कामाची जागा आणि लोकलचा प्रवास होता. झोपडपट्टीत राहणाऱ्यांचा एकमेकांशी येणारा संपर्क इतरांपेक्षा अधिक धरला होता. प्रत्यक्षातही जुलै २०२० मध्ये तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीच्या पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत संसर्गाच्या खुणा आढळल्या, तर बाहेरच्यांत सुमारे १६ टक्क्यांत. १९०६ च्या मुंबईत प्रत्येक उंदराला सारखी संधी आहे असे धरावे लागले होते. २०२० च्या मुंबईत प्रत्येक माणसाला सारखी संधी नाही, हे प्रतिरूपाने सुरुवातीलाच मानले. एका शतकात झालेली ही प्रगती संगणकाच्या वेगाची जशी आहे, तशी पाहण्याचीही आहे. कोणाला वेगळे मोजायचे हे संगणक ठरवत नाही. ते कोणीतरी, आपल्या शहराकडे नीट पाहून, आधी ठरवावे लागते.

म्हणून प्रतिरूपे खोटी असतात म्हणून ती टाकावीत, असे आम्ही म्हणत नाही. रूपकही शब्दशः खरे नसते. आमचे म्हणणे इतकेच की प्रतिरूपाची खरी संहिता त्याच्या रेषेत नसून गृहीतकांच्या परिच्छेदात असते, आणि तो परिच्छेद वाचण्यासाठी गणितापेक्षाही वाचनाचे शिक्षण अधिक लागते. उद्या आपल्या उपचारांचे निर्णय अशा आभासी रुग्णांच्या आधारे होतील. काही अंशी ते आजच होत आहेत. त्या रुग्णांत आपल्यासारखा कोणी होता का, हे विचारणारे वाचक समाजात असले पाहिजेत.

कर्मॅकला ती रेषा दिसत नव्हती, तरी तिच्यात काय नाही हे त्याला आणि मॅकेंड्रिकला पक्के ठाऊक होते. आपल्याला रेषा स्वच्छ दिसते. तिच्याखालची नऊ हजार माणसे दिसतात का, हे मात्र ज्याने त्याने आपल्याशी तपासून पाहावे.